बोहाड्याची सोंगे

बोहाडा हा पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यातील मुखवट्यांचा उत्सव आहे. होळीनंतर, चैत्र-वैशाखात, शेतातली कामे उरकलेली आणि पावसाला अजून अवकाश असताना जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा या तालुक्यांत आणि वर घाटावर त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, पेठ, सुरगाणा या भागांत तो गावोगाव भरतो. कुठे त्याला भोवाडा म्हणतात, कुठे भवाडा. गुजरातच्या डांगातही भवाडा हेच नाव चालते. काही गावांत तो तीन रात्री चालतो, काही गावांत आठवडाभर. देव, दानव, वीर, भुते आणि जनावरे यांचे मुखवटे घातलेली माणसे टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर गावच्या वाटेने नाचत येतात. अशा प्रत्येक रूपाला सोंग म्हणतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर या आदिवासी जमातींचा हा उत्सव असला तरी गावातली इतर जातींची घरेही त्यात वाटेकरी असतात, आणि बोहाडा सगळ्या गावाचाच मानला जातो.

पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा निघाला. त्याच्या आठ तालुक्यांत दोन निराळी जगे एकत्र आली आहेत. पश्चिमेला वसई-विरारची किनारपट्टी आहे: गास, सोपारा, निर्मळ, आगाशी यांसारखी गावे, केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, तळी, चर्च आणि देवळे, सामवेदी आणि वाडवळी बोली. पूर्वेला सह्याद्रीच्या उतरणी आहेत: भात, नागली आणि वरईची पावसावरची शेती, मुकणे घराण्याचे जुने जव्हार संस्थान, आणि पाऊसमान भरपूर असूनही उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या विहिरी. बोहाडा या पूर्वेच्या जगाचा आहे. किनाऱ्यावरच्या माणसांना तो फारसा ठाऊक नसतो. ज्यांच्या अंगावर ही सोंगे चढतात त्यांतली कितीतरी माणसे मात्र दिवाळीनंतर वसई, विरार, भिवंडी या भागांतल्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर राबत असतात. होळीच्या सुमारास त्यांतली अनेक गावी येतात. बोहाड्याचा हंगाम आणि परतीचा हंगाम एकच आहे.

जव्हार संस्थानाची परंपरा चौदाव्या शतकापर्यंत मागे जाते. महादेव कोळी समाजातल्या मुकणे घराण्याने ते उभारले. 1343 मध्ये दिल्लीच्या सुलतानाने या घराण्याला मान्यता दिल्याचे संस्थानाचा इतिहास सांगतो. मराठे, पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्यामध्ये हे छोटे डोंगरी राज्य टिकून राहिले आणि 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. सहा शतके एका आदिवासी घराण्याची सत्ता असलेल्या या मुलखात गावदेवीचे उत्सव, दसरा आणि बोहाडा यांना सार्वजनिक मान होता. बोहाडा हे लिहून ठेवलेले नाटक नाही. त्याची संहिता नाही, त्याचा कर्ता नाही. त्याचा इतिहास वाचायचा तो त्याच्या रचनेतून, सोंगे कोणत्या क्रमाने येतात आणि कोण कोणाच्या शेजारी उभे राहते यातून.

पहिले सोंग गणपतीचे. त्यामागून मोरावर बसलेली सरस्वती किंवा शारदा येते. मोराचा सांगाडा नाचणाऱ्याच्या कमरेला बांधलेला असतो आणि त्याच्या चालीबरोबर मोर डुलतो. दक्षिण कोकणातल्या दशावताराची सुरुवातही गणपती आणि मोरावरच्या सरस्वतीनेच होते आणि मग संकासुर येतो. रत्नागिरीच्या नमन-खेळ्यांतही गणपती, संकासुर, रावण हीच मंडळी भेटतात. उत्तरेच्या डोंगरापासून तळकोकणापर्यंत हा आरंभ सारखा असावा हा योगायोग नव्हे. कीर्तन, ललित, दशावतार यांच्यातून पुराणकथा ज्या वाटांनी गावोगाव पोहोचल्या, त्याच वाटांनी त्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरही आल्या. मत्स्य, वराह, नरसिंह, राम-लक्ष्मण, मारुती, त्राटिका, वाली-सुग्रीव, कुंभकर्ण, रावण, भीम, बकासुर, भस्मासुर अशी मोठी रांग त्यांतून उभी राहिली.

पण या रांगेत आणखीही काही जण आहेत, आणि बोहाड्याचे वेगळेपण त्यांच्यात आहे. वेताळ येतो, म्हसोबा येतो, खंडेराव येतो. गावाच्या शिवेवरचे, रानातले, ज्यांना कोंबडे आणि नारळ वाहिले जातात असे हे देव पुराणातल्या देवांच्या मागे दबून येत नाहीत. त्यांना तेवढाच मान, तेवढाच वेळ आणि त्यांची स्वतःची चाल असते. मधूनमधून लोकांना हसवणारी सोंगेही येतात. पुराणाने या देवांना गिळले नाही. पाड्यानेच पुराण आपल्यात घेतले आणि आपल्या देवांच्या शेजारी बसवले. बोहाड्याला ‘रामायणाची आदिवासी आवृत्ती’ म्हणणाऱ्यांच्या नजरेतून ही गोष्ट निसटते.

उत्सव ठरवण्याचे काम गावाचे असते. जाणती माणसे बसतात, दिवस मुक्रर होतात, गावदेवीला नारळ दिला जातो. पाऊस वेळेवर पडावा, रोगराई गावात येऊ नये, पीकपाणी चांगले व्हावे यासाठी हा उत्सव असतो, आणि त्याची अधिष्ठात्री बहुतेक गावांत जगदंबा असते. मोखाड्यासारख्या मोठ्या गावी जगदंबेची यात्रा आणि बोहाडा एकत्रच असतात. आसपासच्या पाड्यांवरून माणसे येतात, पाहुणे मुक्कामाला राहतात, दुकाने लागतात.

कोणते सोंग कोणी घ्यायचे हा गावच्या व्यवहाराचा गंभीर भाग आहे. काही सोंगे घराण्यांकडे पिढीजात चालत आलेली असतात. आजोबा ज्या चालीने नाचले त्या चालीने नातू नाचतो आणि तो मुखवटा त्या घरातच सांभाळला जातो. काही गावांत सोंगांचा लिलाव होतो. बोली लावून सोंग घेणाऱ्याचे पैसे उत्सवाच्या खर्चात जमा होतात. नवस बोलून सोंग घेणारेही असतात: मूल व्हावे, आजार हटावा म्हणून देवीला शब्द दिलेला असतो, तो अंगावर सोंग चढवून पुरा केला जातो. हक्क, पैसा आणि नवस अशा तीन दोऱ्यांनी गाव मुखवट्याशी बांधलेले असते. मुखवटा कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच सरळ देता येत नाही. तो घराचा असतो, देवीचाही असतो, आणि त्या रात्री साऱ्या गावाचा असतो.

जेवणे उरकल्यावर, रात्र चढली की संबळावर थाप पडते. संबळाच्या जोडीला सनई किंवा पिपाणी असते, काही ठिकाणी ढोल असतो. सोंग वस्तीच्या एका टोकाला तयार होते. डोक्याला आधी कापड घट्ट गुंडाळतात, म्हणजे मुखवट्याचा भार कवटीवर टोचत नाही. मग मुखवटा चढवून दोऱ्यांनी मागे बांधतात. मुखवट्याच्या डोळ्यांतून किंवा नाकपुड्यांजवळच्या फटींतून जेवढे दिसेल तेवढेच दिसते. म्हणून टेंभेवाले पुढे असतात आणि सोंगाकडे तोंड करून उलट पावलांनी मागे सरकत जातात. त्यांचे काम नुसते उजेड दाखवण्याचे नाही. हलत्या ज्योतीने मुखवट्याच्या खोबणी, दात, भुवया यांवर सावल्या सरकत राहतात आणि रंगवलेला स्थिर चेहरा चिडल्यासारखा, हसल्यासारखा, दचकल्यासारखा दिसू लागतो. पुढे पेट्रोमॅक्सच्या बत्त्या आल्या, मग जनरेटर आणि विजेचे दिवे आले. प्रखर, न हलणाऱ्या उजेडात हे सावल्यांचे काम पुष्कळसे नाहीसे झाले आहे. बोहाड्याच्या कलेचे झालेले हे मोठे नुकसान आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते.

सोंग फारसे बोलत नाही. तोंड मुखवट्याआड असते, आवाज बाहेर नीट पोहोचत नाही; ज्या थोड्या प्रसंगांत संवाद असतात ते त्रोटक असतात. सगळे सांगणे पावलांवर आणि वाद्यांवर असते. प्रत्येक सोंगाची चाल ठरलेली असते. गणपती सावकाश झुलत येतो. मारुती उड्या घेतो. त्राटिका रांगेत बसलेल्या पोरांच्या अंगावर धावून जाते आणि पोरे ओरडत पळतात. रावणाचा मुखवटा सगळ्यांत अवजड असतो. दहा तोंडांचा तो पसारा तोलत नाचणे एकट्याच्या बळाचे काम नसते, म्हणून दोन्ही बाजूंना आधार देणारी माणसे चालतात. संबळ वाजवणाऱ्याला या सगळ्या चाली ठाऊक असाव्या लागतात. वाजंत्री चुकले तर सोंगाचा पाय अडखळतो. म्हणून बोहाड्यातला खरा जाणकार अनेकदा मुखवट्याच्या आत नसतो, तो संबळापाशी असतो.

शेवटच्या रात्रीचे, आणि पहाटेचे, सोंग जगदंबेचे. महिषासुराशी तिचे युद्ध होते, तो पडतो, आणि देवी गावातून निघते. बाया दारापुढे सडा घालून उभ्या असतात, सोंगाचे पाय धुतात, ओवाळतात, लहान मुलांना पायांवर घालतात. कालपर्यंत ज्याला नावाने हाक मारली, ज्याच्याबरोबर वीटभट्टीवर विटा वाहिल्या, त्याच माणसापुढे गाव वाकते. मुखवटा उतरला की तो पुन्हा शेजारी होतो.

मुखवटे घडवणारे कारागीर याच मुलखातले. जव्हारजवळचे रामखिंड हे गाव या कामासाठी ओळखले जाते. जुने मुखवटे लाकडाचे असत. उंबर, पांगारा, सावर अशी लाकडे वापरली जात. पांगारा आणि सावर हलकी, कोरायला सोपी, पण किडीला लवकर बळी पडणारी. रावणासारख्या मोठ्या सोंगासाठी लाकूड फार जड होई. पुढे कागदाचा लगदा अधिक रूढ झाला. मातीचा साचा करायचा, त्यावर खळीत भिजवलेल्या कागदाचे आणि जुन्या कापडाचे थर द्यायचे, वाळवायचे, साचा काढून टाकायचा, मागून बांबूच्या कामट्यांचा सांगाडा जोडायचा, मग रंग. पूर्वी गेरू, चुना, काजळी यांवर काम भागत असे. आता बाजारचे तैलरंग वापरतात. कागदाचा मुखवटा हलका असल्यामुळे नाचणाऱ्याला अधिक मोकळेपणाने हालचाल करता येते, आणि मुकुट, कान, जास्तीची तोंडे यांचा पसाराही वाढवता येतो.

या मुखवट्यांची शैली सरळ आणि निःशंक आहे. डोळे मोठे, वाटोळे, बाहेर आलेले. भुवया जाड. दात दिसणारे. राक्षसांची जीभ लांब, सुळे वर वळलेले. रंग सपाट आणि भडक. लाल, पिवळा, निळा, हिरवा. दिवसा, हातभर अंतरावरून पाहणाऱ्याला हे काम ढोबळ वाटते. पण हा चेहरा हातभर अंतरावरून पाहण्यासाठी केलेलाच नसतो. अंधारात, पन्नास पावलांवरून, धुरकट उजेडात, गर्दीच्या शेवटच्या रांगेला तो मारुती आहे की वाली हे कळायला हवे असते. बारीक नक्षी तिथे काही कामाची नसते. डोळ्यांचा आकार, मुकुटाची रेघ आणि रंग एवढ्यावरच ओळख पटवायची असते, आणि ती पटवण्यात हे कारागीर वाकबगार आहेत.

मुखवट्यांच्या अशा परंपरा जगात पुष्कळ ठिकाणी आहेत. त्यांचा फार मोठा पसारा आफ्रिकेत आहे. नायजेरिया आणि बेनिनमधील योरुबा समाजात एगुनगुन या सोहळ्यात पूर्वज कापडांच्या थरांनी अंगभर झाकलेल्या रूपात वस्तीत येतात. आतल्या माणसाची कातडीही दिसू नये असा दंडक असतो. त्याच योरुबांचा गेलेडे हा सोहळा वडीलधाऱ्या स्त्रियांच्या, मातांच्या शक्तीला वाहिलेला आहे, पण मुखवटे पुरुष घालतात. मालीतील डोगोन लोक मृतांच्या सोहळ्यात कनागा नावाचे उंच मुखवटे घालून नाचतात. मोझांबिकच्या उत्तरेतील माकोंडे समाजात मुलांच्या दीक्षाविधीच्या शेवटी मापिको नाच होतो. मलावी, झांबिया आणि मोझांबिकमधील चेवा समाजाचा गुले वामकुलू जुलैच्या सुगीनंतरच्या हंगामात रंगतो, आणि त्यात जनावरे आणि मृतांचे आत्मे यांच्याबरोबर गुलामांचे व्यापारी, मोटारी, हेलिकॉप्टरही मुखवटे होऊन येतात. गेलेडे आणि गुले वामकुलू यांचा युनेस्कोने 2008 मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

बोहाड्याशी साम्ये ठळक आहेत. सुगी आणि पेरणी यांच्यामधला मोकळा काळ, रात्र, वाद्यावर चालणारी पावले, पुरुषांनीच स्त्रीदेवतेचे सोंग घेणे, आणि गावाच्या आरोग्याची, पावसाची, मुलाबाळांची चिंता. पण एक फरक मुळाशी जाणारा आहे. आफ्रिकेतल्या अनेक परंपरांत मुखवटा हा गुप्त मंडळाचा असतो. माकोंडे मुलाला दीक्षेच्या वेळी कळते की आत माणूस आहे. तोवर ते कळू द्यायचे नसते, आणि स्त्रियांपुढे तर ते उघड करायचेच नसते. चेवांमध्ये न्याऊ हे मंडळ असे रहस्य सांभाळते. बोहाड्यात रहस्य नाही. सोंग कोणाच्या अंगावर आहे हे पोरापोराला माहीत असते. त्याचे हात-पाय उघडे असतात, धोतर किंवा लुगडे ओळखीचे असते, कधीकधी बघणारे त्याला नाव घेऊन प्रोत्साहनही देतात. तरीही पाय धुतले जातात. तिथे अज्ञानातून भय येते आणि इथे ओळखीतून भक्ती, असे म्हणणे मात्र आफ्रिकेवर अन्याय करणारे होईल, कारण तिथल्या जाणत्या स्त्रियाही सारे जाणूनच मान राखतात असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. सांगायचे एवढेच की देवत्व मुखवट्याच्या आतल्या माणसाला लपवूनही उभे करता येते आणि न लपवताही, आणि बोहाड्याने दुसरी वाट धरली आहे.

आफ्रिका आणि हा किनारा यांची ओळख जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पूर्व आफ्रिकेच्या बंदरांबरोबर सोपाऱ्याचे नाव येते, आणि हे सोपारे आजच्या वसई-विरारच्या किनारपट्टीतच आहे. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये ती घेईपर्यंत दोनशे वर्षे त्यांच्याकडे राहिली. या काळात पोर्तुगीज जहाजांतून मोझांबिकच्या बाजूची माणसे गुलाम म्हणून गोवा, चौल, वसई, दमण येथे आणली गेली. दक्षिणेला जंजिऱ्यावर हबशी सिद्द्यांचे राज्य होते. तेही 1948 मध्येच विलीन झाले. म्हणजे माकोंडे आणि चेवा यांच्या मुलखाकडून आलेली माणसे या किनाऱ्यावर शतकानुशतके होती. तरीही त्यांच्या मुखवट्यांची परंपरा इथे उरली नाही. गुजरातच्या सिद्द्यांमध्ये गोमा किंवा धमाल हा नाच टिकला, मुगरमान हा मोठा ढोल टिकला, बाबा गोर या पिराच्या स्थानी त्यांना नवा आश्रय मिळाला. नाचताना ते चेहरे रंगवतात आणि मोरपिसे लावतात. मुखवटा मात्र मागेच राहिला. याचे कारण समजण्यासारखे आहे. ढोलाचा ठेका माणसाबरोबर गलबतातून येऊ शकतो. मुखवट्याला दीक्षा देणारे मंडळ लागते, पूर्वजांची जागा लागते, कोणी कोणते रूप घ्यायचे हे ठरवणारे गाव लागते. गुलाम म्हणून सुटेसुटे विकल्या गेलेल्यांपाशी यातले काहीच उरले नव्हते. उलट ब्राझीलमध्ये बाईयाच्या किनाऱ्यावरील इतापारिका बेटावर योरुबा वंशाच्या लोकांना एकत्र वस्ती करता आली आणि तिथे एगुनगुनचा सोहळा आजही होतो. फरक पडला तो गाव उभे राहिले की नाही याने.

पोर्तुगीजांबरोबर युरोपचा स्वतःचा वेषांतराचा सण आला: उपवासकाळाच्या आधीचा इंत्रूज, म्हणजे कार्निव्हल. गोव्यात तो रुजला आणि 1961 च्या मुक्तीनंतर त्याला मिरवणुकीचे आजचे रूप मिळाले. पण तो थट्टेचा, उलटापालटीचा सण आहे. तिथला मुखवटा माणसाला मोकळे करण्यासाठी असतो, त्याच्यापुढे कोणी हात जोडत नाही. गोव्यातच पेरणी समाजाचा जागोर होता, ज्यात कोरीव, रंगवलेले लाकडी मुखवटे घालून देवतांची रूपे नाचवली जात. ती परंपरा आता मोडली आहे. बोहाड्याचे नाते कार्निव्हलपेक्षा या जागोराशी अधिक जवळचे आहे, आणि जागोराचे काय झाले हे बोहाड्याच्या गावांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कलेच्या इतिहासात आफ्रिकी मुखवट्यांचे नाव झाले ते त्यांच्या गावांपासून दूर. पाब्लो पिकासोने 1907 मध्ये पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात ते पाहिले. त्याच वर्षीच्या ‘आव्हिन्यॉंच्या तरुणी’ या त्याच्या चित्रातल्या काही चेहऱ्यांवर त्यांची छाया मानली जाते. आधुनिक युरोपीय चित्रकलेला त्यांतून नवे बळ मिळाले. पण काचेच्या कपाटात ठेवलेला मुखवटा म्हणजे डोक्यावरून उतरवलेला, पोशाख काढलेला, ढोल थांबलेला, गाव नसलेला मुखवटा. त्याचा आकार तेवढा उरतो. कित्येक मुखवटे वसाहतकाळात लुटून किंवा दबाव आणून नेलेले होते. 1897 मध्ये इंग्रजी फौजेने बेनिन शहर लुटले तेव्हा नेलेला राणी इदियाचा हस्तिदंती मुखवटा आजही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. 1977 मध्ये लागोस येथे भरलेल्या आफ्रिकी कलामहोत्सवाचे तो बोधचिन्ह होता, पण मूळ मुखवटा उत्सवासाठीही परत मिळाला नाही.

पालघरला याचा एक धडा घरातच मिळाला आहे. जव्हार-डहाणूच्या मुलखाला बाहेरच्या जगात ओळख मिळाली ती वारली चित्रकलेने. लग्नाच्या चौकासाठी भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जाणारी ही चित्रे 1970 च्या दशकात कागदावर आली, जिव्या सोमा मशे यांच्या हातून देशोदेशी गेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज साडीवर, कपावर, विमानतळाच्या भिंतीवर वारली आकृत्या दिसतात. चित्र भिंतीवरून उतरून कागदावर जाऊ शकले म्हणून हे झाले. त्यातून काही कुटुंबांना पैसा मिळाला ही चांगली गोष्ट. पण चौकातली पालघट देवी त्या प्रवासात मागे राहिली हेही खरे. याच मुलखाचे दुसरे नाव बाहेर गेले ते दुःखाचे: 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे. चित्र आणि भूक या दोन गोष्टींखेरीज जव्हार-मोखाड्याला काही आहे हे शहरांना क्वचितच ठाऊक असते.

बोहाडा असा गुंडाळून नेता येत नाही. त्याचे मुखवटे नेता येतात, आणि ते नेलेही जातात: पुण्याच्या आदिवासी संग्रहालयात ते पाहायला मिळतात, प्रदर्शनांत छोट्या आकाराचे विकायला असतात, हॉटेलांच्या भिंतींवर टांगलेले असतात. सांस्कृतिक महोत्सवांच्या मंचावर दहा मिनिटांचा बोहाडाही होतो, समोर खुर्च्या, वर दिवे, सोंगे एकामागून एक. कारागिराला आणि नाचणाऱ्याला त्यातून मोबदला मिळत असेल तर कोणी नाक मुरडू नये. पण त्याला बोहाडा म्हणता येणार नाही. रात्रभराचा जागर नाही, पोरांची पळापळ नाही, लिलाव नाही, नवस नाही, दारात उभ्या बाया नाहीत. म्हणजे सोंगाला सोंगपण देणारे जे जे काही, ते नाही.

गावांतही अडचणी आहेत. उत्सवाचा खर्च वाढला आहे. तरुण मुले शिकायला आणि कामाला बाहेर असतात. होळीला येतात, पण आठवडाभर थांबणे सगळ्यांना जमत नाही, म्हणून काही ठिकाणी रात्री कमी झाल्या आहेत. ध्वनिवर्धकावरची गाणी संबळाच्या जागेवर घुसू पाहतात. चाली जाणणारे म्हातारे वादक कमी होत आहेत आणि संबळ शिकणारा मुलगा विरळा झाला आहे. मुखवटे जुने झाले तर नवे करता येतात. चाल एकदा विसरली तर ती कोणत्याही संग्रहालयात सापडणार नाही. तरीही बोहाडा बंद पडलेला नाही, हे आवर्जून सांगायला हवे. जिथे गावाने मनावर घेतले आहे तिथे तो आजही पहाटेपर्यंत रंगतो, आणि मुंबईहून चार-पाच तासांच्या वाटेवर, वसई-विरार ज्या जिल्ह्यात आहेत त्याच जिल्ह्यात, रंगतो.

या परंपरेसाठी करण्यासारखी कामे फार मोठी नाहीत. प्रत्येक सोंगाची चाल आणि तिच्यावरचा संबळाचा ठेका जाणत्या वादकांकडून नीट ध्वनिमुद्रित करून घेणे. संग्रहालयातल्या प्रत्येक मुखवट्याखाली सोंगाच्या नावाबरोबर गावाचे आणि कारागिराचे नाव लिहिणे. जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळांत संबळ शिकवण्यासाठी गावच्याच वादकाला मानधन देऊन बोलावणे. आणि वसई-विरारच्या वाचकाने एखाद्या चैत्रात पूर्वेच्या एसटीत बसून, यजमान गावाची परवानगी घेऊन, कॅमेऱ्याचा झोत बंद ठेवून, शेवटच्या सोंगापर्यंत एक रात्र जागून काढावी.